तिसऱ्यांदा जिना उतरताना

कवळीकरांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण ते वापरायची वेळ कुणावर येत नसे. ते कवळ्या बनवत म्हणून कवळीकर, एवढंच. मी दवाखाना थाटला तेव्हापासून, म्हणजे गेली बावीस वर्षं, माझ्या पेशंटांचे खोटे दात त्यांच्याच हातचे. छापखान्याच्या वर त्यांच्या दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीत संसार आणि पुढच्या खोलीत मेण, प्लास्टर, स्पिरिटचा दिवा आणि फळीवर ओळीनं मांडलेले लोकांचे जबडे. संसार म्हणजे ते आणि त्यांची बहीण. लग्न दोघांचंही झालं नव्हतं. बहिणीला ते ‘धाकटी’ म्हणत, म्हणून मीही धाकटीच म्हणायचे, जरी ती माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी होती.

धाकटी खिडकीशी बसून कवळ्यांना पॉलिश करायची. बोलणं बेताचंच. हसली तर तोंडापुढे हात धरायची. तिचे वरचे दोन दात खोटे होते, भावानंच बसवलेले, आणि इतके बेमालूम की माझ्यासुद्धा लक्षात यायला वर्ष लागलं.

तरुणपणी तिला सिनेमात काम मिळालं होतं, हे मला कवळीकरांनीच सांगितलं, तेही तिच्यासमोर आणि टोमणा म्हणून. बावीस वर्षांची असताना तिला कुणीतरी निवडलं, दीड महिना ती चित्रीकरणाला गेली आणि एक दिवस तोंडावर रुमाल धरून परत आली. दोन दात तुटलेले. काय झालं विचारलं तर म्हणाली, पडले. आणि सिनेमाचं? तर म्हणाली, माझ्या जागी दुसरी घेतली. कवळीकरांनी दोन्ही उत्तरं जोडून घेतली. पोरगी वेंधळी, कुठेतरी धडपडली, दात पाडून घेतले आणि हातातोंडाशी आलेलं काम घालवलं. पुढची चाळीस वर्षं तिच्या हातून मेणाचा तुकडा जरी खाली पडला तरी ते म्हणत, “नीट चालता आलं असतं तर आज नटी असतीस.” ती मान खाली घालून पॉलिश करत राही. मी एकदा म्हटलं, असं बोलू नका हो. ते म्हणाले, अहो गंमत आहे ती आमची घरातली.

गेल्या वर्षी धाकटी न्यूमोनियानं गेली. आठ दिवसांत खेळ आटोपला.

दोन-तीन महिन्यांनी वाचनालयाच्या फिल्म क्लबचं एक पत्रक माझ्या दवाखान्यात आलं. एका जुन्या, गाजलेल्या रहस्यपटाचा खेळ रविवारी दुपारी होता. पत्रकावर एका मुलीचा फोटो होता, आणि मी ते हातात घेऊन बघतच राहिले. वरचा डावा सुळा किंचित वळून शेजारच्या दातावर चढलेला. धाकटीचा असाच सुळा मी बावीस वर्षं पाहत आले होते. पत्रक घेऊन मी तशीच छापखान्याच्या वर गेले. कवळीकरांनी चष्मा पुसला, फोटो दिव्यापाशी नेला.

“हिला तर काढून टाकलं होतं,” ते म्हणाले.

रविवारी आम्ही दोघं गेलो. सिनेमाची गोष्ट सांगायची तर अशी: एका खानावळीत एका माणसाचा खून होतो. तिथेच वर राहणारी, हिरवा झगा घातलेली एक मुलगी खुनी कोण ते शोधत फिरते. घड्याळं उलटी चालतात, खोल्यांचे नंबर बदलतात, मेलेला माणूस टेलिफोनवर बोलतो. मध्यावर ती मुलगी जिना उतरते. लगेच पुन्हा तोच जिना उतरते. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ती घसरते, पडदा पांढरा होतो, आणि जिन्याच्या तळाशी उठून बसते ती वेगळीच बाई. झगा तोच, चेहरा दुसरा. सगळे तिला आधीच्याच नावानं हाक मारतात आणि कुणालाच काही वावगं वाटत नाही. शेवटी मेलेला माणूस तिला दार उघडून देतो.

खेळ संपल्यावर क्लब चालवणाऱ्या प्राध्यापकांनी तासभर अर्थ सांगितला. तीन जिने म्हणजे तीन स्वप्नं. चेहरा बदलतो कारण स्वप्न बघणारीच बदललेली आहे. मला निम्मं कळलं. कवळीकर अर्थाच्या भानगडीत पडलेच नाहीत. पहिली चाळीस मिनिटं पडद्यावर त्यांची बहीण बोलत होती, धावत होती, तोंडावर हात न धरता हसत होती. घरी जाताना ते एवढंच म्हणाले, “हसायची की चांगली.”

त्यांनी वाचनालयातून सिनेमाची डिस्क आणली. रोज दुपारी जेवणाच्या सुटीत पुढच्या खोलीतल्या छोट्या टीव्हीवर लावायचे. आधी बहीण दिसते तेवढाच भाग बघायचे, जिना संपला की बंद करायचे. मग काय झालं कुणास ठाऊक, जिनाच परत परत बघायला लागले. दातांचा कारागीर म्हणजे बारकाव्याचा माणूस. केसभर उंच दात त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पंधरा दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली.

“डॉक्टर, हा झगा बघा.”

पहिल्या उतरण्यात झग्याची खालची कड कोरडी होती. दुसऱ्यात गुडघ्यापर्यंत ओली. तिसऱ्यात झगा अंगाला चिकटलेला, कड एका जागी फाटलेली, आणि उजव्या गुडघ्यावर काळसर डाग. जिन्यावरच्या खिडकीतलं ऊन पहिल्यांदा पायरीवर होतं, तिसऱ्यांदा भिंतीवर चढलेलं. पाय तिन्ही वेळा अनवाणी.

“ही तीन स्वप्नं नाहीत,” ते म्हणाले. “हा एकच दिवस आहे. सकाळपासून पाणी ओतलेल्या जिन्यावरून तिला पळवलंय. किती वेळा ते देव जाणे. त्यातले तीन ठेवले.”

मग त्यांनी तिसरं उतरणं अगदी हळू लावलं. वरच्या पायरीवर ती थांबते, मान वळवून सरळ आपल्याकडे बघते आणि काहीतरी म्हणते. आवाज काढून टाकलेला आहे. प्राध्यापकांच्या मते ती मेलेल्या माणसाचं नाव घेते. कवळीकर म्हणाले, ते नाव तुम्हीच म्हणून बघा, त्यात ओठ कुठे मिटतात? मी म्हणून बघितलं. मिटत नव्हते. कवळी बसवताना पेशंटला अक्षरं म्हणायला लावून ओठ न् दात कसे जुळतात ते बघण्यात आमचं दोघांचं आयुष्य गेलं होतं. पडद्यावरचे ओठ आधी मिटले, मग तोंड मोठं उघडलं, मग दात जुळले.

“बास,” मी म्हटलं.

“बास,” ते म्हणाले. “बास म्हणतेय ती. आणि त्यानंतर पुन्हा उतरलीय.”

त्यांनी टीव्ही बंद केला. मग मला म्हणाले, की परत आली त्या दिवशी ती सांगायला लागली होती. ‘त्यांनी मला पुन्हा पुन्हा...’ एवढं बोलली होती. “मी म्हटलं, त्यांचं राहू दे, तुझं सांग. तू पडलीस ना? ती हो म्हणाली. संपलं. तोंड उघडायला लावून मी तिच्या दातांचं माप घेतलं, डॉक्टर. माप घेताना माणूस बोलू शकत नाही.”

गंमत म्हणून बावीस वर्षं मीही ऐकलंच होतं.

पुढच्या महिन्यात क्लबनं दिग्दर्शकांना बोलावलं. ऐंशी पार केलेला, पांढराशुभ्र, मंद हसणारा माणूस. सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. सिनेमा झाला, प्रश्न सुरू झाले. घड्याळं उलटी का, दार कशाचं प्रतीक, झगा हिरवाच का. कवळीकर इस्त्रीचा सदरा घालून आले होते. त्यांची पाळी आली तेव्हा ते उठले आणि म्हणाले, “तिसऱ्यांदा उतरताना ती मुलगी ‘बास’ म्हणाली का?”

दिग्दर्शकांनी डोळे बारीक केले. मग त्यांचा चेहरा उजळला.

“इतक्या वर्षांत हे ओळखणारे तुम्ही पहिलेच,” ते म्हणाले. “हो, म्हणाली होती. फार सुंदर म्हणाली. तो शॉट मी टाकूच शकलो नाही.”

टाळ्या पडल्या. लोक वळून वळून कवळीकरांकडे बघायला लागले, कौतुकानं. टाळ्या थांबेपर्यंत ते उभेच राहिले.

“तिचे दोन दात तुटले त्यात.”

“कलेसाठी माणसं काय काय देतात,” दिग्दर्शक म्हणाले.

“तिनं दिले नव्हते.”

प्राध्यापकांनी घाईनं पुढचा प्रश्न घेतला. कवळीकर खाली बसले. माझ्या शेजारच्या बाईंनी वाकून त्यांना विचारलं, तुम्ही सिनेमाचा अभ्यास करता का? ते म्हणाले, नाही हो, कवळ्या बनवतो.

दोन महिन्यांनी क्लबची वार्षिक पुस्तिका निघाली. तिच्यात प्राध्यापकांचा लांबलचक लेख होता. जिन्यावरचा तो मुका शब्द ‘बास’ असल्याचं खुद्द दिग्दर्शकांनीच उघड केल्यामुळे सगळा सिनेमा नव्यानं समजतो, स्वप्नानंच स्वप्नाला दिलेला तो नकार आहे, वगैरे. धाकटीचा उल्लेख होता, ‘एक अनामिक नवोदित अभिनेत्री’. कवळीकर प्राध्यापकांना जाऊन भेटले. बहिणीचं नाव तरी घाला म्हणाले. प्राध्यापक सभ्य माणूस. त्यांनी चहा दिला आणि समजावून सांगितलं, की सिनेमाच्या श्रेयनामावलीत फक्त दुसऱ्या नटीचं नाव आहे, कागदोपत्री पुरावा नसताना आपल्याला भर घालता येत नाही.

दुसऱ्या दिवशी कवळीकर वाचनालयात गेले. टेबलावर पुस्तिकांचा गठ्ठा होता. ते बाकावर बसले, एकेक प्रत उघडली, ‘अनामिक’वर रेघ मारली आणि वर बहिणीचं नाव लिहिलं. दातांवर रंगाची छटा देणारा हात तो. अक्षर छापल्यासारखं. एकोणचाळीस प्रती झाल्यावर काउंटरवरच्या बाईंच्या लक्षात आलं.

त्या प्रती रद्दीत गेल्या. आठवड्याभरात कवळीकरांना सभासदत्व रद्द झाल्याचं पत्र आलं. सोबत डिस्क तीन दिवसांत परत करण्याची सूचना. मी तेव्हा तिथेच होते, एका पेशंटचा साचा घेऊन गेले होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. डिस्क मशिनमधून काढली, मऊ फडक्यानं पुसली, पाकिटात घातली आणि माझ्या हातात दिली.

“जाता जाता देऊन टाका,” ते म्हणाले. “मी परत पाहून काय करणार? मला सगळा कळलाय.”

मग साचा उजेडात धरून त्यांनी विचारलं, पेशंटला घाई आहे का.