लावणीच्या दिवशी ठेवलेली ग्रामसभा

"कोरम नाही, सभा तहकूब," असं मी म्हणणार, तोवर पावसातून शाळेच्या दारात पानांचं पहिलं इरलं दिसलं.

इरल्याखाली हौसाबाई होती. गुडघ्यापर्यंत चिखल. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. भातलावणी अर्धी टाकून बायका ओळीनं येत होत्या, पडवीच्या भिंतीला इरली टेकवत होत्या आणि ओल्या लुगड्यांनी तिथंच बसत होत्या. सरपंच आबांनी माझ्याकडे बघितलं. "ह्या कशा आल्या?" असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मलाही तोच प्रश्न पडला होता. कुणी येऊ नये म्हणून तर मी ही तारीख धरली होती.

साल एकोणीसशे पासष्ट. मी तेव्हा वेल्ह्याच्या बाजूला ग्रामसेवक होतो. ग्रामसेवक म्हणजे ग्रामपंचायतीचा सरकारी कारभारी. सभेची नोटीस काढायची, झालेलं प्रोसिडिंगला लिहायचं, घरपट्टी वसूल करायची आणि वरून येईल ते ऐकायचं. गावात त्याला भाऊसाहेब म्हणतात, मग तो नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा का असेना. गाव गुंजवणे खोऱ्यातलं, राजगडाच्या अंगाला. नाव लिहीत नाही. त्या गावातली माणसं अजून मला मान देतात, आणि तो मान कशावर उभा आहे ते आज सांगायला बसलोय.

त्या गावात एक आर्मेनियन बाई राहायची. खरं नाव मरियम. गाव तिला शिस्टरबाई म्हणायचं. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून ती तरुणपणी भोरला आली, तिथंच रिटायर झाली. परत जायला गाव उरलं नव्हतं, म्हणून खोऱ्यात दोन खणांचं घर बांधून राहिली. रंगानं गोरी, नाक धारदार, बोलणं मात्र अस्सल मावळातलं. पांढरा झगा, त्यावर घोंगडं, आणि हातात बाळंतपणाची पिशवी. खोऱ्यात बाई अडली की पहिला माणूस तिच्याकडे पळायचा.

एक दिवस ती पंचायतीच्या खोलीत आली आणि तिनं मला तिची हकिकत सांगितली. पहिल्या महायुद्धाच्या काळात, तुर्कांच्या राज्यात, तिच्या लोकांना उठवलं होतं. गावंच्या गावं. पुरुषांना आधी वेगळं काढून मारलं. बायकापोरांना वाळवंटाकडे चालवत नेलं, तिथं कुणी तहानेनं गेलं, कुणाला वाटेत मारलं. तिची आई आणि दोन भाऊ त्या वाटेवर राहिले. ती वाचली. याला पन्नास वर्षं झाली होती. जगभर विखुरलेले तिचे लोक त्या वर्षी बोलायला उभे राहिले होते, कारण तिकडचं सरकार असं काही केलंच नाही म्हणत होतं. मुंबईत तिच्या ओळखीचं एक आर्मेनियन घर होतं. त्यांचा निरोप आला होता की तू जिथं राहतेस तिथल्या लोकांनी तरी म्हणावं, हे घडलं.

"भाऊसायेब, तुमची ग्रामसभा ठराव करती ना?"

"करते."

"मंग एक ह्यो करा. आमची मानसं मारली, हे आमाला ठावं हाय. बास, येवडंच."

"शिस्टरबाई, ग्रामसभेत रस्ता, विहीर, शाळेचं छप्पर, असले विषय असतात."

"विहिरीला पानी न्हाई असं तुमी दरसाल लिवता. लिवल्यानं पानी आलं का?"

"नाही."

"तरी लिवताच की!"

मी तिला हो म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी सायकल काढून बीडीओसाहेबांना विचारायला गेलो. बीडीओ म्हणजे गटविकास अधिकारी, आमचे वरचे साहेब.

"कुठला देश म्हणालास?"

"आर्मेनिया, साहेब."

"आपल्या गटात येतो का?"

"नाही, साहेब."

"मग तुला काय पडलंय? सीमेवर काय चाललंय ते पेपरात वाचतोस ना? अशा दिवसांत परदेशाचं नाव घेऊन ठराव आला तर मला वर जाब द्यावा लागेल." साहेबांनी पान तोंडात टाकलं. "पर्मनंट व्हायचंय ना?"

"हो."

"मग तिला नाही म्हणू नकोस. ठराव होऊ देऊ नकोस. फरक कळला?"

"कळला, साहेब."

कळला तो असा. विषय मी अजेंड्यावर घेतला, आणि सभा ऐन लावणीत ठेवली. आमच्याकडे लावणी इर्जिकीनं होते. सगळी वाडी आज एकाच्या भातखाचरात उतरते, उद्या दुसऱ्याच्या. त्या दिवसांत खाचर सोडून माणूस सख्ख्या भाचीच्या बारशालाही जात नाही. ग्रामसभेला ठराविक माणसं जमावी लागतात, त्याला कोरम म्हणतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब. पुढच्या सभेच्या वेळी अजेंडा नव्यानं निघतो, तेव्हा एखादा विषय राहून जातो. कुणी विचारत नाही. कोतवालानं दवंडी दिली तेव्हा मी खोलीत बसून ऐकली. मला झोपही नीट लागली, हे लिहायला हवं.

सभेच्या दुपारी शाळेत आबा होते, दुकानदार ज्ञानू होता, बौद्धवाडीतले सखारामबाबा दाराजवळ बसले होते, आणि खाचरात उतरण्याचं वय सरलेली थोडी म्हातारी माणसं. कोरमच्या निम्मीही नाहीत. शिस्टरबाई कोपऱ्यातल्या बाकावर, मांडीवर हात ठेवून. आणि मग ती इरली आली.

बायका पडवीत बसल्या, कारण बायका पडवीतच बसायच्या. ग्रामसभेत त्यांना मोजायचं नाही असा नियम कुठंच नव्हता. गावचा प्रत्येक मतदार सभेचा सभासद. पण मोजायचे ते पुरुष, ही रीत होती. माझ्या आधीच्या भाऊसाहेबांकडून मी तीच उचलली होती.

मी आत बसलेली डोकी मोजली आणि म्हणालो, "माणसं कमी पडतात, आबा."

पडवीतून हौसाबाईचा आवाज आला, "आन् आमी काय म्हशी हाय व्हय?"

बायका हसल्या. ज्ञानू म्हणाला, "बाया मोजाया लागलं तर सभा दर बारीला भरंल की!"

"मंग भरू दे. तुज्या दुकानाचं काय जातंय?"

आबांनी हात वर करून दोघांना थांबवलं. त्यांनी मला विचारलं, "भाऊसाहेब, कायदा काय म्हंतो? बायका धरायच्या का न्हाई?"

मी नाही म्हटलं असतं तर तिथं कुणाला कळणार नव्हतं. कायद्याचं पुस्तक गावात माझ्या एकट्याकडे होतं. साहेबांचं पान खाल्लेलं तोंड मला दिसत होतं. शिस्टरबाई माझ्याकडे बघत नव्हती. ती पडवीतल्या बायकांच्या पायांकडे बघत होती.

"धरता येतात," मी म्हणालो.

या सगळ्या प्रकरणात मी केलेलं हे एवढंच बरं काम. तेही विचारल्यावर.

कोरम भरला. मी विषय वाचला. ज्ञानू लगेच म्हणाला, "शिस्टरबाई, राग धरू नगा. पर आपल्या रस्त्याचा ठराव कुजत पडलाय, आन् तुमच्या देशाचा आपुन करनार? तिकडं मुसलमानांनी मारलं, त्याला हितनं काय करायचं?"

"मुसलमानांनी न्हाई रं ज्ञानू. सरकारनं. वाळवंटात मला पानी पाजलं, घरात लपिवलं, ती बाई पाच येळा नमाज पढायची. तिचं नाव म्या रोज घेती."

मग आबांनी एक चूक केली. चूक म्हणजे सवय. कुणाचं घर जळालं, बैल ओढ्यानं नेला, की मदतीचा ठराव करण्याआधी सभा साक्षीदार मागायची. आबांनी त्याच सुरात विचारलं, "साक्षीला कोन हाय?"

शिस्टरबाई उभी राहिली. "म्या हाय."

"आनखी कोन?"

"बाकीची मेली, आबा."

आबांनी टोपी काढली, परत घातली. दाराजवळून सखारामबाबा बोलले. ते सभेत कधी बोलायचे नाहीत.

"आबा, मेल्याली मानसं साक्षीला कुठनं आनायची? आमच्या वाडीनं काय सोसलं ते सांगाया गेलं, की आमालाबी हेच म्हंत्यात. साक्ष कुठाय, जुनं कशाला उकरता. ही बाई आपल्या तोंडानं सांगतीया. म्या ऐकलं. मला पटलं. माजं नाव लिवा."

ठरावाला एक सूचक लागतो, म्हणजे मांडणारा, आणि एक अनुमोदक, म्हणजे त्याला दुजोरा देणारा. सूचक म्हणून मी सखारामबाबांचं नाव लिहिलं आणि वर बघितलं. बौद्धवाडीतल्या माणसाच्या नावाखाली आपलं नाव लावायला त्या वेळी आत बसलेल्यांपैकी बरेच जण कचरत होते. मला ते चेहऱ्यांवर वाचता येत होतं.

"दुसरं माजं," हौसाबाई म्हणाली. ती पडवीतून उठून आत आली, चिखलाच्या पायांनी, सतरंजीवर. "माजा म्हादू आडवा आला तवा हिनं सांगितलं, भिऊ नगं, वाचशील. म्या इस्वास ठिवला. तवा तिला साक्षीदार मागितला न्हाई. आज कसा मागू?"

आबा म्हणाले, "हात वर करा."

पडवीतले हात आधी वर गेले, कोपरापर्यंत मातीचे. मग आतले. सगळ्यात शेवटी ज्ञानूचा. "त्यातच खाली रस्त्याचंबी लिवा," तो म्हणाला, आणि तेव्हा आबासुद्धा हसले.

शिस्टरबाई रडली नाही. फक्त म्हणाली, "येकदा मोट्यानं वाचून दावा." मी वाचलं. तिच्या लोकांना त्यांच्याच सरकारनं मारलं, हे या ग्रामसभेला मान्य आहे, अशी साधी वाक्यं होती. ती ओठ हलवत ऐकत होती. वाचून झाल्यावर हौसाबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, झग्याला चिखलाचा पंजा उमटला, आणि बायका उठल्या. रोपाच्या जुड्या पाण्यात ठेवून आल्या होत्या, त्यांना थांबायला वेळ नव्हता.

शाळेला कुलूप लावताना ती माझ्याजवळ आली.

"लावनीत सभा धरली, तवाच म्या वळाकलं."

माझ्या हातातली किल्ली कुलपात फिरेना. "कुणाला सांगितलंत?"

"काय सांगायचं? सकाळधरनं खाचरं फिरले. म्हनलं, सभा हाय, माज्यासाठी या. तुमचं नाव न्हाई काडलं." तिनं माझ्या हातून किल्ली घेतली आणि कुलूप लावून दिलं. "भ्यालेली मानसं म्या लई बगितली, भाऊसायेब. भ्याल्याल्या मानसानं खरं सांगितलं, असं कमी बगितलं. जावा, जेवून घ्या."

ठराव वर गेला. विषय पंचायतीच्या अधिकाराबाहेरचा आहे, असं उत्तर आलं. मला मेमो मिळाला, पर्मनंट होणं लांबलं आणि पुढं बदली भोंगवलीकडे झाली. शिस्टरबाईनं ठरावाची नक्कल मुंबईला पाठवली. तिकडून पुढं ती नक्कल कुठं गेली मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की शिस्टरबाई वारली तेव्हा खोऱ्यातल्या बायकांनी तिला न्हाऊ घातलं, आणि माती द्यायला सगळ्या वाड्या होत्या. मला कळलं ते उशिरा, एसटीत भेटलेल्या ज्ञानूकडून.

माझ्या बदलीच्या वेळी आबांनी मला नारळ आणि टोपी दिली. "भाऊसाहेबांनी बाईसाठी नोकरी पणाला लावली," असं ते सगळ्यांसमोर बोलले. मी नारळ घेतला. टोपी घातली. तारखेबद्दल बोललो नाही. आबा गेले, सखारामबाबा गेले, आणि मी अजून त्या गावात गेलो की चहा पाजल्याशिवाय कुणी सोडत नाही. तो चहा हौसाबाईचा आहे, त्या सगळ्या बायकांचा आहे. त्यांनी त्या दिवशी तिचा शब्द राखला आणि माझ्याच डावातून मलाही वाचवलं, आणि हे दुसरं त्यांना ठाऊकही नाही. त्यांचे उपकार फेडायचे म्हणजे काय करायचं ते मला कळलेलं नाही. निदान लिहून ठेवतो.

आता मी स्वतः विस्तार अधिकारी आहे, ग्रामसेवकांच्या वरचा. नवे ग्रामसेवक ट्रेनिंगला येतात. परवा एकानं हळूच विचारलं, "साहेब, सभेत एखादा विषय नको असला तर कुठली तारीख धरावी?"

मी त्याला सांगितलं, "धर कुठलीही. ज्यांना यायचंय ते येतात. तू फक्त मोजायची तयारी ठेव."