रिह्याच्या चिखलातली पावले

मुंबईहून येऊन पुणे सोडले तेव्हा आमच्या जीपमध्ये माणसे पाच, कॅमेरा एक आणि फिल्मचे रीळही एकच उरलेले. रहस्यपटाचे शेवटचे दृश्य घ्यायचे होते. छायालेखक म्हणून हे माझे पहिलेच चित्र, आणि निर्मात्याने बजावले होते, "हे फसलं, तर पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली."

पिरंगुटला चहा घेतला. पुढे रस्ता कसला, नुसते दगड. रिहे गावाच्या खोऱ्यात पोचेपर्यंत माझी हाडे खिळखिळी झाली, कॅमेरा मात्र मी तान्ह्या मुलासारखा मांडीवर सांभाळला. दोन्हीकडे डोंगर, मध्ये पिवळी भातखाचरे, कापणी चाललेली. इतकी देखणी जागा आम्ही खुनासाठी निवडली, याची थोडी लाजच वाटली.

दृश्य साधे होते. खुनी प्रेत खांद्यावर घेऊन ओढ्याकाठच्या चिखलातून गेला आहे, आणि सकाळी गुप्तहेराला त्याची पावले सापडतात. पावले उठून दिसायला तिरपे ऊन लागते, आणि पडद्यावर सकाळचे म्हणून संध्याकाळचे ऊनही खपते. ते डोंगराआड जायला जेमतेम अर्धा तास उरला होता. आमचा खलनायक ऐटीत चिखलातून चालून गेला. दिग्दर्शक नानासाहेब खूश. मी कॅमेरा लावला.

तेवढ्यात भाताचा भारा डोक्यावर घेतलेली एक पोक्त बाई बांधावर थांबली. मी तिला कथा सांगितली. तिने पावलांकडे पाहिले.

"ह्यो रिकामाच गेलाय की. वझं (ओझं) असलं की ढांग लांब पडत न्हाई. पाय फाकत्यात, टाच रुतती."

"बाई, आम्हाला वेळ नाही," नानासाहेब करवादले.

"मंग घ्या तसंच. हितं कुनीबी हसंल."

मी पुन्हा कॅमेऱ्यातून पाहिले. तिचे खरे होते. "नानासाहेब, हे मी घेणार नाही," मी म्हणालो.

बाईने भारा उतरवून सरळ खलनायकाच्या खांद्यावर चढवला. तो वाकला, धापा टाकत बाजूच्या कोऱ्या चिखलातून गेला. मी घाईघाईने पावले टिपली आणि ऊन गेले. मग तिने, सरूबाईंनी, आम्हा सगळ्यांना घरी नेऊन तांदळाची भाकरी वाढली.

मुंबईला परतल्यावर निर्मात्याने ते दृश्य दोनदा पाहिले. "ओझं दिसतं रे पावलांत. पुढचं चित्र तुझंच."

मी सांगितले, ही नजर रिह्याच्या सरूबाईंची. सगळे हसले, त्यांना तो विनय वाटला. विनय कसला? मी कॅमेऱ्याला डोळा लावूनही जे पाहिले नाही, ते त्यांनी डोक्यावरचा भारा न उतरवता पाहिले होते.