धोंड्याच्या वाणात एअर फिल्टर

माझ्या जावयाने चार चाकांची मोटरसायकल घेतली, हे मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा मी नुसतं "बरं" म्हटलं आणि फोन हिच्या हातात दिला. बोललो असतो तर वाईटच बोललो असतो. क्वाड बाइक म्हणे! धड मोटार नाही, धड मोटरसायकल नाही. रस्त्यावर चालवायची परवानगी नाही, म्हणून दर रविवारी टेम्पोत घालून अरवलीच्या पायथ्याशी न्यायची, कुणाच्या तरी शेतावर आखलेल्या मातीच्या वाटांवर दोन तास धूळ उडवायची, आणि पुन्हा टेम्पोत घालून गुरुग्रामच्या टॉवरखालच्या तळघरात झाकून ठेवायची. घरातला बल्ब गेला तर सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला फोन करणारा हा माणूस. गुडघ्यांना ढाली, छातीला ढाल, डोक्यावर हेल्मेट असा त्याचा फोटो हिने मला कौतुकाने दाखवला. निघाले जावईबापू लढाईला! मी चष्मा काढून ठेवला.

मी तीस वर्षं केंद्र सरकारच्या एका खात्यात वाहन विभागाचं स्टोअर सांभाळलं. जीप, ट्रक, व्हॅन, सगळ्यांचे सुटे भाग माझ्या सहीशिवाय बाहेर पडत नसत. वाळवंटात जाणाऱ्या गाड्यांचे फिल्टर मी हाताने चाचपून पाठवलेत. त्यामुळे लॅपटॉपवर बोटं आपटून पोट भरणाऱ्यांनी माझ्यापुढे इंजिनाच्या गप्पा मारल्या की माझं डोकं फिरतं. ते मी लपवतही नाही. दिवाळीत घरी पाहुणे जमले होते तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "यांना पाना कुठला आणि चमचा कुठला, हे तरी कळतं का विचारा!" सगळे हसले. जावईसुद्धा हसला. मुलगी हसली नाही. त्यानंतर सहा महिने तिने दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या घरात पाऊल टाकलं नाही.

एकुलती एक आहे ती. गुरुग्राम ते द्वारका अंतर ते काय, पण सहा महिने हिने रोज फोनवर "कधी येतेस गं?" विचारायचं आणि तिने कामं सांगायची. मी पेपर वाचल्याचं सोंग करत ऐकायचो. मग ऐन उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या या अधिक महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलावून तेहतीस अनारसे आणि काही वाण द्यायचं असतं. हिने बोलावलं, मुलगी हो म्हणाली. मग तिने फोन मला द्यायला लावला.

"बाबा, या वेळी त्याला काही लागेल असं बोललात तर मी पुन्हा येणार नाही. मी गंमत करत नाहीये."

"नाही बोलत," मी म्हणालो. आणि तसं मी ठरवलंही होतं.

वाणात काय हवं, म्हणून हिने जावयाला विचारलं. दिल्लीत वाढलेलं पोर, अर्धं बोलणं हिंदीत. "कुछ नहीं आई, बिल्कुल काही नको." हिने फारच खनपटीला बसल्यावर त्याने सांगितलं, की बाइकसाठी एअर फिल्टर घ्यायचाय, पण कुठला ते ठरत नाहीये. ठरत नाहीये! महिनाभर साहेबांनी त्याचा अभ्यास चालवला होता. कागदी, स्पंजचा आणि सुती जाळीचा, असे तीन रकाने पाडून कॉम्प्युटरवर तक्ता केला होता. कोण किती हवा सोडतो, कोण किती धूळ अडवतो, धुता येतो की फेकावा लागतो. रविवारच्या मित्रमंडळात त्यावर म्हणे वाद झाले. लग्नासाठी मुलगी बघताना याने इतका विचार केला नव्हता.

म्हटलं, थांब. याला म्हणतात फिल्टर, हे दाखवतोच.

दुसऱ्या दिवशी मी मेट्रोने करोल बागेत गेलो. तिथे दोन गल्ल्या भरून मोटरसायकलचं सामान मिळतं. दुकानदाराने चकचकीत लाल सुती जाळीचा फिल्टर पुढे केला. मी तो परत सरकवला. आपल्याकडच्या पिठासारख्या धुळीत त्याचा कसला डोंबलाचा उपयोग? कागदी तर एका रविवारात गुदमरतो. मातीत जाणाऱ्या गाडीला दुहेरी स्पंजचाच फिल्टर हवा, आणि तो चिकट तेलात भिजवलेला हवा. धूळ त्या तेलाला चिकटते, इंजिनात जात नाही. तेल नसेल तर तो स्पंज म्हणजे नुसती चाळण. मी दुकानदाराला समोर उभं राहून तेल लावायला लावलं, दाबून पिळायला लावलं, आणि पिशवीत घालून घरी आणला. एवढं काम मी पाऊण तासात उरकलं.

जेवणाच्या दिवशी हिने चांदीच्या ताटात अनारसे, दिवा आणि विणलेल्या रुमालाखाली फिल्टर ठेवला होता. मी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मी आपला तोंडावर ताबा ठेवून पुरणाच्या धोंड्यांवर तूप ओतत होतो. जावयाने रुमाल उचलला, हिच्या पाया पडला, आणि फिल्टर बोटांत धरून दोनदा दाबून पाहिला.

"बाबा, याला तेल लावायचं ना? म्हणजे मी वाचलं होतं, की..."

"सगळं करून आणलंय मी," मी म्हणालो. "तुमचं वाचन राहू द्या. आहे तसा बसवा. डोकं चालवू नका आणि हात लावू नका."

"अच्छा. ठीक आहे, बाबा," तो म्हणाला आणि जेवायला बसला. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, शब्द पाळला आपण. मी फिल्टरबद्दल बोललो होतो, त्याच्याबद्दल नव्हे.

तीनेक आठवड्यांनी हिने बातमी दिली, की क्वाड बाइक बिघडली. निळा धूर ओकते, ताकद राहिली नाही. हिला वाईट वाटलं. मला काय वाटलं ते सांगायला आज लाज वाटते, पण सांगतो. मला उकळ्या फुटल्या. म्हटलं, पाजळली अक्कल! मी पान्यांची जुनी पिशवी घेतली आणि न कळवता गुरुग्राम गाठलं.

तळघरात मुलगी आणि जावई दोघंही उतरले. मी सीट काढली, फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडलं. स्पंज कोरडा ठणठणीत होता. बोट लावलं तर तेलाचा मागमूस नाही, आणि डब्याच्या आतल्या बाजूला, जिथे धूळ पोचताच कामा नये, तिथे बारीक धुळीचा थर बसलेला.

"धुतलात ना?" मी ओरडलो. "सांगितलं होतं ना हात लावू नका म्हणून?"

"नाही बाबा. मी फक्त बसवला."

"खोटं बोलू नका! माझ्यासमोर तेल लावून घेतलंय मी. तीस वर्षं ड्रायव्हर लोक असंच खोटं बोलायचे माझ्याशी, पण त्यांना निदान थोडी लाज असायची."

मुलगी म्हणाली, "आईने धुतला, बाबा."

"काय?"

"जावयाला असली चिकट, मेणचट वस्तू ताटात कशी द्यायची, म्हणून. गरम पाण्याने, भांड्यांच्या साबणाने, तीन वेळा. मग बाल्कनीत वाळवला आणि हळदकुंकू लावलं. जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात ती मला कौतुकाने सांगत होती. मला तरी कुठे माहीत होतं तेल लागतं ते!"

मी स्पंज उलटा केला. कडेला कुंकवाचा फिकट डाग होता. तरी माझं तोंड बंद होईना. मी जावयावरच उलटलो. "मग कोरडा आहे हे तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं ना," तो म्हणाला. "म्हणून तर जेवताना विचारलं. तुम्ही म्हणालात, आहे तसाच बसवा. मला वाटलं, हा कोरडाच चालणारा प्रकार असेल. तुम्ही इतकी वर्षं यात होतात, यार... सॉरी, बाबा. मला वाटलं, माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं." मग म्हणाला, "फक्त आईंना सांगू नका, प्लीज. त्यांनी इतक्या प्रेमाने दिला होता."

महिनाभर तक्ता मांडून बसलेल्या त्या माणसाने माझ्या एका वाक्यावर स्वतःचं सगळं वाचन बाजूला ठेवलं होतं. "चुकलो" एवढंच म्हणायचं होतं मला. तीन अक्षरं. पण जिभेला वळण असतं ना! मी म्हणालो, "तरी बसवण्याआधी एक फोन करायला काय झालं होतं?"

मुलीने माझी पान्यांची पिशवी उचलली. "चला बाबा, मेट्रोपर्यंत सोडते." वर चहाला चला, असं ती म्हणाली नाही. गाडीत ती समोर बघत होती. स्टेशनापाशी तिने गाडी थांबवली आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"आईला भेटायला मी येत जाईन. तुम्ही घरी नसाल तेव्हा. तिला यातलं काही कळू देऊ नका."

हिला काहीच माहीत नाही. जावयाची गाडी दुरुस्त होतेय, एवढंच तिला ठाऊक, आणि वाणातला फिल्टर जावयाला किती आवडला ते ती शेजारणींना सांगते. शनिवारी सकाळी दहा वाजले की मी चपला घालतो आणि "जरा फिरून येतो" म्हणतो. परत आलो की दारातच ही हळहळते, "अहो, आत्ता पाच मिनिटांपूर्वी गेली! दर वेळी कशी हो चुकामूक होते तुमची?" सोसायटीच्या गेटासमोरच्या बाकावर बसून मी मुलीची गाडी येताना पाहिलेली असते आणि जातानाही पाहिलेली असते. मी म्हणतो, "हो ना," आणि हात धुवायला आत जातो.