कोरडी गाठ

तीस वर्षं मी नॉटिंगहॅममध्ये लोकांची पोटं शिवली. गाठ कशी मारायची हे मला कुणी शिकवावं, हे मला मुळीच खपत नव्हतं.

शेजारच्या म्हाताऱ्याचे हात पार्किन्सन्सने थरथरायचे. मार्चमध्ये तो केअर होमला जाणार होता. त्याआधी ट्रेंट नदीत एकदा पाइक धरायचा आणि जिवंत सोडून द्यायचा, एवढंच त्याला हवं होतं. पाइक म्हणजे नदीतला दांडगा, दातेरी मासा. पन्नास वर्षांत आपला गळ तोंडात घेऊन एकही मासा गेलेला नाही, हे तो दर खेपेला ऐकवायचा.

बांधाबांध मी करायची असं ठरलं. तो काठावर खुर्चीत बसून सांगत होता. दोऱ्यावर पाण्यात तरंगणारा फ्लोट, खाली शिसं, मग दातांनी तुटू नये म्हणून तार, तारेला गळ आणि गळांना मेलेला छोटा मासा. तारेच्या कडीला दोरा बांधलास की आवळण्याआधी गाठ तोंडात धरून थुंकीने ओली कर, हे त्याने दोनदा सांगितलं. कोरडी आवळली तर नायलॉनचा दोरा घासून तापतो आणि कच्चा होतो.

मेलेल्या माशाच्या वासाचा दोरा तोंडात घालायचा? मी उष्टं-खरकटं पाळणाऱ्या घरात वाढलो, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये दोरा तोंडाजवळ नेणं म्हणजे पापच. मला शिसारी आली. नदीत बुडवून ओली करता आली असती, पण माझी गाठ आजवर सुटली नव्हती ना! त्याच्याकडे पाठ करून मी ती कोरडीच आवळली.

दुपारी फ्लोट हलला, आडवा सरकला आणि बुडाला. मी रॉड त्याच्या हातात दिला आणि त्याची कोपरं धरून ठेवली. दोन मिनिटं त्याचे हात थरथरत नव्हते. पाण्यात हिरवी पाठ दिसली, आणि तेवढ्यात गाठीशी दोरा सुटून वाकलेला रॉड सरळ झाला. तार आणि गळ घेऊन मासा गेला. तोंडात गळ अडकलेल्या त्या माशाला आता काही खाता येणार नव्हतं.

त्याने दोऱ्याचं टोक चाचपून पाहिलं. कोरडी गाठ घासली की होतं तसं ते कुरळं झालं होतं.

"थुंकी लावली होतीस ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग दोरा जुना झाला. मी बदलायला हवा होता. माझंच चुकलं."

घरी बायको म्हणाली, "अहो, सांगून टाका ना. एका वाक्याचं तर काम आहे." त्यासाठी मी दोनदा केअर होमला गेलो. दोन्ही वेळा तो माशाचंच बोलला, उपाशी मेला असेल म्हणाला. दोन्ही वेळा मी चहा प्यायलो आणि पार्किंगची वेळ संपतेय म्हणून उठलो. माझी मलाच लाज वाटत होती.

मे महिन्यात तो गेला. अंत्यविधीला त्याची मुलगी माझ्याजवळ आली.

"डॅड शेवटपर्यंत म्हणत होते, दोरा बदलायला हवा होता. इतका जुना होता का हो तो?"

"हो," मी म्हणालो, "जुनाच होता."