बाईंचा खोकला

प्रशिक्षण केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर एक घर आहे. त्यात कुणी राहत नाही. पलंगावरची चादर दिवसातून वीसदा अंथरतात आणि वीसदा विस्कटतात. तिच्यावर झोपत मात्र कुणी नाही. खोलीच्या मधोमध लाकडी चौकटीत एक दार उभं केलं आहे. त्याला तीन तऱ्हेची कुलपं. ती उघडून पलीकडे गेलं, की माणूस पुन्हा त्याच खोलीत.

या घरात बाई सव्वीस वर्षं शिकवत आहेत. बटण लावणं, दात घासणं, कुलूप उघडणं, दूध तापवणं. इतरांना जे शिकल्याचं आठवतही नाही, ते ज्यांना मोठेपणी अक्षरासारखं गिरवावं लागतं, अशी माणसं त्यांच्याकडे येतात.

बाईंची रीत शेवटापासूनची. चादर अंथरायची तर सगळं बाई करणार. शिकणाऱ्याने फक्त शेवटची उशी ठेवायची. ती जमली की उशी आणि तिच्याआधीची घडी. असं मागे मागे सरकत माणूस एक दिवस सुरुवातीला पोचतो. एका वडिलांनी वैतागून विचारलं होतं, "म्हणजे पोहायला शिकवताना आधी अंग पुसायला शिकवणार का?"

"हो," बाई म्हणाल्या, "निदान कोरडा घरी येईल."

खरं कारण त्या क्वचितच सांगत. या माणसांनी आयुष्यभर नुसत्या सुरुवाती केलेल्या असतात. बुटाची नाडी हातात घेतात, तोवर कुणीतरी वाकून बांधून मोकळं होतं. आपल्या हातून काही पुरं होतं, याची त्यांना चवच नसते. म्हणून बाईंच्या तोंडी सतत एकच वाक्य: "ते तुमचं काम."

साहेब त्रेचाळीस वर्षांचे. कसलेच साहेब नाहीत. पण खिशाला पेन लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत, म्हणून साहेब. लिहिता येत नाही. आई होती तोवर त्यांच्या शर्टाची बटणं तीच लावी. गेल्या वर्षी आई गेली. आता घरात ते आणि धाकटी बहीण. तिची कामाची पाळी बदलणार होती. पुढच्या महिन्यापासून तिला सकाळी सहाला निघावं लागणार, आणि केंद्राची गाडी येते नऊला. मधले तीन तास. तेवढ्या वेळात दादा एकटा दूध तापवून, पाव खाऊन, धड राहू शकला तर घरी. नाही तर दुसऱ्या गावच्या निवासी संस्थेत. तिथे एक खाट रिकामी होती. महिनाअखेरपर्यंत थांबतो, असं संस्थावाले म्हणाले होते.

"मला त्याला टाकायचं नाही हो, बाई," बहीण म्हणाली होती. "पण घरात गॅस आहे."

दूध तापवण्याच्या अकरा पायऱ्या. अकरावी पेल्यात ओतणं, दहावी गॅस बंद करणं, आणि असं मागे. शिकवणी आधीपासूनच चालू होती; एकूण तेरा आठवडे लागले. मग सलग दहा दिवस साहेबांनी दूध एकट्याने तापवलं. बाई हात पाठीमागे बांधून बाजूला उभ्या. तक्त्यावर 'मदतीशिवाय' या रकान्यात दहा खुणा झाल्या.

महिना संपायला सहा दिवस उरले असताना बहिणीने घरी परीक्षा घेतली. ती जिना उतरून खाली थांबली, पंधरा मिनिटांनी वर आली. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. घरभर गॅसचा वास. आणि दादा बटणावर हात ठेवून तसाच उभा.

"बंद का नाही केलंस?"

"अजून नाही," तो म्हणाला.

ती तशीच केंद्रात आली. "तुमच्या कागदावर येतं त्याला, बाई. माझ्या घरात नाही येत."

बाईंना ते लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना पुन्हा शेगडीपाशी उभं केलं. दूध वर आलं, बटण बंद झालं. चोख.

"बघा!" बाई कुणाला तरी म्हणाल्या. खोलीत फरशी पुसणाऱ्या मावशींशिवाय कुणी नव्हतं.

"तुम्ही खोकलात की," मावशी म्हणाल्या.

"मी?"

"रोजच खोकता. दूध वर आलं की दोनदा, बारीक. तुम्ही खोकता, ते बंद करतात. मला वाटलं, तसंच शिकवायचं असतं."

बाई खुर्चीवर बसल्या. हात त्यांनी मागे बांधले होते. घसा बांधायचा राहिला होता.

त्या संध्याकाळी त्यांनी कपाटातून एक जुनी फाईल काढली. तिन्ही कुलपं उघडायला शिकलेली एक मुलगी घरी जाऊन स्वतःच्या दारापाशी तासभर उभी राहिली होती. फाईलवर बाईंचंच अक्षर: 'घरी सराव झाला नाही.' ती दारापाशी काय ऐकत उभी होती, हे आता विचारणार कुणाला? त्यांनी ते वाक्य खोडलं. त्याजागी काय लिहावं ते सुचेना.

उरलेले दिवस बाईंनी स्वतःला काढून घेण्यात घालवले. पहिल्या दिवशी तोंडात खोकल्याची गोळी ठेवून भिंतीपाशी बसल्या. दूध उतू गेलं. दुसऱ्या दिवशी दाराआड उभ्या राहिल्या. उतू गेलं. तिसऱ्या दिवशी भांडं फसफसत असताना साहेब वळून चिडून म्हणाले, "बाई, खोका ना!"

बाई दमल्या होत्या. धावत येऊन बटण बंद करता करता त्या सवयीने बोलून गेल्या, "ते तुमचं काम."

शेवटच्या दिवशी सकाळी बहीण आणि बाई साहेबांच्या घराबाहेर जिन्यावर उभ्या होत्या. "ही शेवटची," बहीण म्हणाली. संस्थेचा नंबर तिने फोनवर काढून ठेवला होता.

आतून भांड्याचा आवाज आला. लायटर दोनदा वाजला. मग बराच वेळ काहीच नाही. बहिणीने दाराला हात घातला. बाईंनी तो धरला. आणि नेमकी त्याच वेळी त्यांच्या घशात खवखव सुरू झाली. त्यांनी रुमाल तोंडावर दाबला. डोळ्यांत पाणी आलं.

आत कुणीतरी खोकलं. दोनदा, बारीक.

मग बटणाचा आवाज: टक्.

"बाई, आत कोण आहे?" बहिणीने दचकून विचारलं.

दार उघडलं. साहेब उभे होते. खिशाला पेन, हातात पेला, वरच्या ओठावर साय.

"तुम्ही खोकलाच नाहीत," त्यांनी तक्रार केली. "मलाच खोकावं लागलं."

बहीण आत गेली, शेगडी पाहून आली, बटण पुन्हा चाचपून आली. मग जिन्याच्या पायरीवर बसून तिने फोन लावला. "ती खाट दुसऱ्या कुणाला द्या," एवढं म्हणाली आणि फोन ठेवला.

बाईंनी पिशवीतून तक्ता काढला. 'मदतीने' आणि 'मदतीशिवाय' या दोन रकान्यांकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"साहेब, पेन द्या जरा."

आजवर त्यांच्याकडे पेन कुणी मागितलं नव्हतं. साहेबांनी पेला बहिणीच्या हाती दिला आणि खिशातलं पेन काढलं. बाईंनी दुसऱ्या रकान्यात खूण केली. खाली, शेऱ्याच्या जागी, लिहिलं: 'पायऱ्या बारा.'

लिहून होईपर्यंत साहेब पेनासाठी हात पुढे करून उभे होते.