खेकड्याच्या रश्शावर पडलेली लाथ
परवा लोणावळ्यात एका हॉटेलासमोर खेकड्याच्या रश्शाचा वास आला आणि पंधरा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. कचेरीबाहेरचा नामांकित अर्जलेखक या नात्याने मी भाजे फाट्यावरील हॉटेलात मानाच्या टेबलावर जेवणाची वाट पाहत होतो. चुलीपाशी स्वयंपाकीण मावशी भाजलेले खोबरे आणि खेकड्यांचे ठेचलेले पाय घालून काळा रस्सा उकळत होती. मालकाने साय आणि लाल रंग ओतण्याचे फर्मान सोडले. "मुंबईच्या पाहुण्यांना लालच लागतो." मावशी उसळली, "मग त्यांस्नी लाल पाणी पाज! माझ्या रश्शात रंग न्हाई पडायचा." मालकाने पातेल्याला लाथ मारली; उकळता रस्सा तिच्या पायांवर उलटला. ती किंचाळली, पण बसली नाही. लोखंडी फुंकणी उचलून तिने त्याच्या मनगटावर अशी हाणली, की हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. दुसरा घाव तिने तोंडावर घातला. संध्याकाळी भाजलेले पाय ओढत ती माझ्याकडे तक्रार लिहवून घ्यायला आली. मालक माझे जुने गिऱ्हाईक, म्हणून मी 'पातेले माझ्याच हातून निसटले' असे लिहिले. "भाऊ, लाथ लिवली नव्हं?" अंगठा पुढे करत तिने विचारले. "व्हय, मावशी," मी म्हणालो. कचेरीतून त्या कागदाची नक्कल मालकाने मिळवली आणि त्यावरूनच तिला निष्काळजी ठरवून काढून टाकले. आज तालुकाभर लाल रस्साच 'अस्सल मावळी' म्हणून विकला जातो, माझी मुलेही त्यावर ताव मारतात, आणि हे खोटे आहे असे मी अद्याप कोठेही लिहून दिलेले नाही.