आमचे साडूभाऊ आणि हिमालयाची उतरण

हिमालय समोर उभा असताना ज्याच्या तोंडून साधं 'वा' निघालं नाही, असा एकच माणूस आजवर त्या बाजूला जाऊन परत आला असेल. आणि तो माझा साडू आहे, हे मी मान ताठ ठेवून सांगतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही सगळे त्यांना साडूभाऊच म्हणतो. राहणार साखरा, तालुका सेनगाव. सोयाबीन, तूर आणि चाळीसेक शेरडं हा त्यांचा संसार, आणि कशाचंही नवल वाटून घ्यायचं नाही हे त्यांचं व्रत. नांदेडला पहिल्यांदा सरकता जिना पाहिला तेव्हा त्यांनी खालपासून वरपर्यंत नजर टाकली आणि म्हणाले, "बराबर केलं. जिना नुसताच उभा ऱ्हायचा, त्याला काम लावलं." थोरली लेक पुण्याला नोकरीला लागली. तिनं मोठ्या हौसेनं वडलांना आपल्या कचेरीच्या चौदाव्या मजल्यावर नेऊन काचेपाशी उभं केलं. खाली मुंग्यांसारखी माणसं. साडूभाऊंनी बराच वेळ खाली पाहिलं. लेक वाट बघतेय, आता बाबा काही बोलतील. बाबा बोलले, "इथून शेरडं राखाय लय सोपं जाईन."

असा माणूस आमच्याबरोबर हिमालयात आला तो केवळ योगायोगानं. मी सेनगावला शाळेत शिकवतो. माझे दोन मित्र आहेत. एक दिलीप, त्याचं औषधांचं दुकान आहे. दुसरा सुधाकर, तो बँकेत आहे. दिवाळीनंतर उत्तराखंडात ट्रेक करायचा, उतरताना ऋषिकेशला राफ्टिंग करायचं आणि शेवटी हरिद्वारला गंगास्नान करून घरी यायचं, असा दिलीपनं सहा महिने आधीपासून बेत आखलेला. चौथ्या गड्याची रजा ऐनवेळी नामंजूर झाली. माझी बायको म्हणाली, "मग आमच्या दाजींना न्या की. आयुष्यात कुठं गेले नाहीत." मी साखऱ्याला गेलो तेव्हा साडूभाऊ शेरडांसाठी बाभळीचा पाला छाटत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी कोयता बाजूला ठेवला.

"हिमालयात? काहून? तिकडं काही हरवलं का तुमचं?"

"फिरायला हो, साडूभाऊ. डोंगर चढायचा आणि उतरायचा."

"उतरायचाच हाय तर चढून काहून राहिले?"

त्यांनी कोयता पुन्हा उचलून आणखी दोन फांद्या छाटल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, गंगा लागती का वाटंवर?" मी म्हणालो, लागते, उतरल्यावर लागते. "मंग येतो," म्हणाले. आणि पुन्हा पाला छाटायला लागले.

दिलीपनं सामानाची यादी छापून वाटली होती. कुठले बूट, कुठलं जाकीट, कुठल्या काठ्या, मोजे किती, गोळ्या कुठल्या. साडूभाऊ हिंगोली स्टेशनवर आले ते खांद्यावर घोंगडी, हातात शेरडं वळायची काठी, पिशवीत धपाटे आणि ठेचा, पायात नेहमीची चामडी चप्पल, आणि गळ्यात नाडीनं बांधून अडकवलेले कोरे करकरीत बूट असे. दिलीप कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो, बूट आणले तर घाला ना!" साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "यादीत 'आणा' लिवलं होतं. 'घाला' कुठं लिवलंय?" वर बर्फाचा पट्टा लागला तेव्हा मात्र त्यांनी ते मुकाट्यानं घातले, पट्टा ओलांडला, पुसले आणि परत गळ्यात अडकवले. आमच्या तिघांच्या टाचांना फोड आले. त्यांच्या चपलेचा अंगठासुद्धा तुटला नाही.

नव्या माणसाशी ओळख करून घ्यायची त्यांची एकच रीत. नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न, "पाऊस किती झाला?" रेल्वेतल्या तिकीट तपासनिसाला त्यांनी हेच विचारलं, दिल्लीच्या रिक्षावाल्याला विचारलं आणि मुक्कामाच्या तंबूत चहा देणाऱ्या बाईलाही विचारलं. वाटेत एक गोरी परदेशी बाई भेटली. तिलाही यांनी हात जोडून, "बाई, बारिश कैसी हुई तुम्हारे कने?" असं विचारलंच. ती हसून काहीतरी दोन शब्द बोलली आणि पुढे गेली. साडूभाऊ तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत कळवळून म्हणाले, "कमीच झालेला दिसतोय बिचारीकडं."

माथ्यावर पोचलो तेव्हा समोर बर्फाची शिखरं उन्हात नुसती पेटली होती. आम्ही फोटो काढून काढून थकलो. साडूभाऊ शिखरांकडे पाठ करून, आलेल्या वाटेकडे तोंड करून बसले होते. मी म्हणालो, "अहो, हिमालय तिकडं आहे." ते म्हणाले, "त्यो कुठं जातो? मी चाललो तेवढं तरी मला बघू द्या." मग माझ्या समाधानासाठी एकदा मान वळवून म्हणाले, "चांगला हाय. आपल्या माळासारखाच, पण उंची लय धरली त्यानं."

खरा माणूस कळला तो उतरताना. चढाईत सगळे सारखेच धापा टाकतात. उतारावर मात्र माझ्या उजव्या गुडघ्यानं असहकार पुकारला. दर पावलाला कळ. दिलीप शिट्टी फुंकत पुढे गेलेला, सुधाकर स्वतःच्याच पायांकडे बघत देवाचं नाव घेत चाललेला. साडूभाऊ चार पावलं वर चढून माझ्यापाशी आले, माझ्या हातातल्या त्या दोन चकचकीत काठ्या काढून घेतल्या आणि स्वतःची काठी दिली. "शेरडू उतारावरून सरळ उतरतं का? आडवं उतरतं. असं आडवं चला. अन् गुडघ्याकडं बघू नका, त्याला वाटतं आपली लय काळजी करून राहिले, मंग ते जास्तच दुखतं." दोन दिवस हा माणूस माझ्या डाव्या बाजूनं, दरीच्या अंगानं चालला. एकदाही 'धरा' म्हणाला नाही, आणि त्याचा हात माझ्यापासून एकदाही लांब गेला नाही.

याच उतरणीवर एक पहाडी मेंढपाळ भेटला. त्याचा कळप खाली निघाला होता. याची भाषा त्याला येत नाही, त्याची याला येत नाही. दोघांनी आधी एकमेकांकडे पाहिलंच नाही. साडूभाऊ त्याच्या एका मेंढीचे दात बघायला लागले, आणि त्यानं साडूभाऊंच्या घोंगडीची लोकर चिमटीत धरून चोळून पाहिली. मग एका लंगड्या बकरीचा खूर दोघांनी मिळून साफ केला. हे सगळं दोन मोठे डॉक्टर एखाद्या रोग्यापाशी उभे असावेत तसं चाललं होतं. दिलीप घड्याळ दाखवत होता. निघताना त्या मेंढपाळानं साडूभाऊंच्या पाठीवर थाप मारली. मी विचारलं, "काय म्हणाला?" साडूभाऊ म्हणाले, "पाऊस चांगला झाला म्हणे."

ऋषिकेशला राफ्टिंगची वेळ आली तेव्हा सुधाकरचा चेहरा पांढरा पडला. त्याला पोहता येत नव्हतं, आणि हे त्यानं सहा महिने आमच्यापासून लपवून ठेवलेलं. साडूभाऊंनी अर्ध्या साखऱ्याला विहिरीत पोहायला शिकवलेलं आहे. त्यांची शिकवायची पद्धत म्हणजे पाठीला भोपळा बांधून ढकलून देणं. ते सुधाकरला म्हणाले, "जाकीट हाय ना अंगात? भोपळ्यापरीस ब्येस हाय." नाव हाकणारा गाईड तरणाबांड गढवाली होता. तो 'फॉरवर्ड', 'बॅक', 'स्टॉप' असे हुकूम शिकवायला लागला. साडूभाऊंनी ते ऐकून घेतले आणि पाण्यात उतरल्यावर बैलांना घालायचे आवाज सुरू केले. "हाण हाण! थ्थक! आता वळ!" गंमत म्हणजे आम्हा तिघांना तेच पटकन कळत होतं. तिसऱ्या लाटेपासून गाईडनंही हुकूम द्यायचं सोडलं. तो नुसतं साडूभाऊंकडे बघून मान हलवायचा.

चौथी लाट मोठी होती. रबराची नाव एका बाजूनं उचलली गेली आणि सुधाकर गेला. आत्ता होता, आत्ता नाहीसा. मग दहा हातांवर त्याचं पिवळं हेल्मेट वर आलं. डोळे फिरलेले, तोंडात पाणी, हात नुसते आपटतायत. गाईड मागच्या टोकाला नाव सावरत "पैर ऊपर! पैर ऊपर!" असं ओरडत होता, पण सुधाकरला काही ऐकू जात नव्हतं. दिलीपची शिट्टी तोंडातच राहिली. मी नावेची कड दोन्ही हातांनी धरून बसलो. खोटं कशाला सांगू. साडूभाऊंनी नावेच्या दोरीत पाय अडकवला, छातीपर्यंत बाहेर झुकले आणि वल्ह्याची मूठ पुढे केली. ओरडले नाहीत. गोठ्यात बोलावं इतक्या हळू आवाजात बोलले.

"सुधाकरराव. ओ सुधाकरराव. पाण्याकडं बघू नका. हिकडं माझ्याकडं बघा. हां. आता ही मूठ धरा. शाब्बास. घाई न्हाई, कुठं जायचं न्हाई आपल्याला."

आणि सुधाकरनं बघितलं. मूठ धरली. साडूभाऊंनी त्याला जवळ ओढला, जाकिटाच्या खांद्यांना धरला आणि एका हिसक्यात आत घेतला. सुधाकर खोकत खोकत रडायला लागला. साडूभाऊंनी त्याची पाठ चोळली आणि त्याचा श्वास खाली बसल्यावर विचारलं, "कसं हाय पाणी? आपल्या कयाधू नदीपरीस गोड लागलं का?" रडता रडता सुधाकर असा हसला की आम्हालाही रडू आलं.

काठाला लागल्यावर गाईडनं त्यांना वाकून विचारलं, "चाचा, आप पहले कभी राफ्टिंग किए हैं?"

"नहीं रे बाबा. बावडी में से बकरियाँ निकाले है हम. तकलीफ वइच है. घबराया सो डूबा."

त्या गाईडनं मग घाटावरच्या बाकीच्या गाईडांना बोलावून 'ये चाचा' म्हणून त्यांची ओळख करून दिली. आम्ही मागे उभे होतो, 'चाचांच्या बरोबर आलेले' म्हणून. मला त्या दिवशी माझ्या पदवीपेक्षा माझं नातं मोठं वाटलं.

हरिद्वारला सकाळी आम्ही चौघांनी घाटावरची साखळी धरून गंगेत बुड्या मारल्या. साडूभाऊ ओल्या अंगानं वर आले आणि पहिल्यांदा त्यांनी स्वतः होऊन काहीतरी मागितलं. "सर, इथं म्हणं वह्या असत्यात. कोणाचं कोण येऊन गेलं ते लिवलेलं असतं. आपल्या गावची वही कुठं हाय बघता का?"

विचारत विचारत एका बोळात आमच्या मुलखाच्या वह्या सांभाळणारे म्हातारे पंडितजी सापडले. हिंगोली म्हटल्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. आमचा जुना जिल्हा परभणी, असं म्हटल्यावर कपाट उघडलं. लांबलचक वही काढली, पानं उलटली आणि खरंच साखरा निघालं. गावच्या पाटलांच्या तीन पिढ्या होत्या. एका जुन्या व्यापारी घराण्याचीही नावं होती. साडूभाऊ गुडघे टेकून वहीवर वाकले होते. पंडितजींनी त्यांचं आडनाव विचारलं, बोट फिरवत शेवटपर्यंत गेले आणि वही त्यांच्याकडे वळवून म्हणाले, "आपके यहाँ से कोई नहीं आया, भाई."

मला फार वाईट वाटलं. साडूभाऊ मांडी घालून नीट बसले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "कैसे आते? पीछे जानवर कौन देखता? अब मैं आया ना. नवा कागज निकालो."

पंडितजींनी नवं पान घेतलं. बापाचं नाव, आजाचं, पणजाचं. साडूभाऊ धडाधड सांगत गेले. मग म्हणाले, आईचं लिहा. बायकोचं लिहा. दोन्ही लेकींचं लिहा. पंडितजी लिहीत गेले. "और दादी?" त्यांनी विचारलं, आणि साडूभाऊ थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही मला ठाऊक असावं. "आमी नुसतं आजी म्हणत होतो," ते म्हणाले. पंडितजी म्हणाले, राहू द्या, बायकांची नावं पुष्कळदा सुटून जातात, चालतं. "नहीं चलता," साडूभाऊ म्हणाले आणि त्यांनी मला फोन लावायला सांगितला.

त्यांची एक आत्या अजून आहे, नव्वदीला टेकलेली, कनेरगाव नाक्याजवळच्या खेड्यात. तिच्या सुनेनं फोन उचलला आणि म्हातारीच्या कानाला लावला. साडूभाऊंनी सगळा बोळ ऐकेल अशा आवाजात विचारलं, "आत्या, तुह्या मायचं नाव काय होतं?"

"माय," आत्या म्हणाली.

"अगं नाव, नाव!"

फोनमधून बराच वेळ फक्त कोंबड्यांचा आवाज येत राहिला. "ठकूबाई," मग ती म्हणाली. "बापूनं एकडाव हाक मारलेली ऐकली व्हती. काहून रं?"

"गंगेवर आलोय. आपल्या घरची समदी नावं लिवून राहिलो."

पंडितजींनी 'ठकूबाई' लिहिलं. तिकडून पुन्हा कोंबड्या. मग लाजल्यासारखा, अगदी बारीक आवाज आला, "माझं बी लिवतेत का रं?"

साडूभाऊंनी पंडितजींना सांगितलं. पंडितजींनी समजावलं की बेटी ब्याहून गेली की तिचं नाव सासरच्या पानावर असतं. साडूभाऊंनी हात जोडले. "महाराज, वो पान पे कौन लिखने आता? हमारे घर की है वो. लिखो. गयाबाई."

पंडितजींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

"लिवलं गं आत्या."

"ठळक लिवलं का?"

साडूभाऊंनी वहीवर वाकून त्या नावाशी बोट नेलं. पंडितजींना मराठी येत नव्हतं. पण त्यांनी लेखणी पुन्हा दौतीत बुडवली, आणि त्या चार अक्षरांवरून, एकेक करून, सावकाश हात फिरवला.